बी.फार्मसाठी एक वर्ष थांबतेय. हे वर्ष कसं वापरावं?

मृण्मयी_वाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

यंदा बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). दोन वर्षं क्लास नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा होता. राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षाही दिली, पर्सेंटाइल सत्तरीच्या आसपास आला. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीत घरापासून लांबचं एक खासगी कॉलेज लागलं. ओबीसीचं जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत हातात आलं नाही, त्यामुळे राखीव जागेचा हक्क गेला आणि मुलींच्या फी माफीचा लाभही त्याच कागदापाशी अडकला. पूर्ण फी घरच्यांना झेपणारी नव्हती. प्रवेश घेतला नाही.

नीट पुन्हा द्यायची नाही, हे माझं पक्कं आहे. मला फार्मसीच करायची आहे. बाबांचं म्हणणं, डी.फार्मला (फार्मसीच्या डिप्लोमाला) प्रवेश घे, वर्ष वाया घालवू नकोस. आई म्हणते, थांब आणि सीईटी पुन्हा दे. आमच्या गल्लीतले मेडिकलवाले काका म्हणाले, सकाळी दुकानात येत जा, शिकशील तरी. या क्षेत्रातल्या लोकांनी सांगा: नुसता क्लास लावायचा, की कामही करायचं? आणि पुढच्या वर्षी प्रवेशाच्या वेळी हे रिकामं वर्ष आडवं येतं का?

निवांत_पुणे

स्वागत मृण्मयी! शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. वर्ष आडवं येत नाही. गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं, तहसील कचेरीजवळ करून मिळतं. त्यात त्या वर्षात दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला नव्हता असं लिहून द्यायचं असतं. बाकीचं फार्मसीवाले सांगतीलच.

विदर्भकर

मृण्मयी, मी तुझ्या बाबांच्या बाजूने. कारण सांगतो, मग ठरव.

सरळ हिशेब कर. एक वर्ष थांबलीस आणि मग बी.फार्मची ४ वर्षं, म्हणजे ५. आत्ता डी.फार्म घेतलंस तर २ वर्षं, तिथून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, पुढची ३ वर्षं. तेही ५. डी.फार्मला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. मी यवतमाळ जिल्ह्यातून असाच आलो. डिप्लोमा झाल्यावर मधल्या काळात घर चालवण्याइतकं कमावता येत होतं, हा माझ्यासाठी मोठा आधार होता. ज्या घरात पुढच्या चार वर्षांच्या फीची खात्री नाही, त्या घरातल्या मुलाला मी हाच रस्ता सांगेन.

आता अडचणी. थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात, मंजूर जागांच्या १० टक्के. तिथे डी.फार्मचे गुण बघतात, म्हणजे डिप्लोमात ढिलाई चालत नाही. डिप्लोमात ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग आहे. नवीन नियमाप्रमाणे डी.फार्म केलेल्यांना फार्मसिस्ट म्हणून नोंदणीसाठी एक्झिट परीक्षाही द्यावी लागते, ती पहिल्यांदा २०२४ मध्ये झाली. आणि थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरला गेलं की एकदम ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिकल फार्मास्युटिक्स समोर येतं. बाकीची मुलं वर्षभर त्या वातावरणात रुळलेली असतात, आपण नवे. पहिले काही महिने दमछाक होते.

फार्मास्युटिक्सवाली

मी एका फार्मसी कॉलेजात शिकवते. विदर्भकर यांचा ५ वर्षांचा हिशेब बरोबर आहे आणि तो कोणी मुलांना सांगत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. तरीही मृण्मयीच्या बाबतीत माझं मत वेगळं आहे.

मृण्मयी, तुझा प्रवेश दोन कारणांनी हुकला: सीईटीचे गुण आणि वैधता प्रमाणपत्र. फार्मसीत गती नाही किंवा मन नाही, हे कारण नव्हतं. दोन्ही कारणं एका वर्षात दुरुस्त होण्यासारखी आहेत. म्हणून तू थांबावंस असं मला वाटतं, आणि थांबायचं तर वर्ष या दोन गोष्टींभोवतीच बांध. ड्रॉप घेतलेली खूप मुलं बघते. पहिल्या वेळी नक्की कशाने अडलं हे न तपासता तीच तयारी पुन्हा तशीच करतात. मग निकालही तसाच लागतो.

आता पेपरकडे बघू. पीसीबीला २०० गुण. फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, बायोलॉजी १००, प्रत्येक प्रश्न १ गुणाचा आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. नीटच्या मुलांना इथेच फटका बसतो. त्यांना विषय येतो, पण एका गणितावर अडून बसायची आणि गुण कापले जातील म्हणून शंका आली की प्रश्न सोडून द्यायची सवय हाडीमाशी भिनलेली असते. सीईटीत प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे गुण टाकून येणं.

दुसरं, नीट एनसीईआरटीवर चालते, सीईटी आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकांवर. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीच्या ठरावीक धड्यांवर. अकरावीच्या बायोलॉजीतले फक्त चार धडे आहेत: बायोमॉलिक्यूल्स, रेस्पिरेशन, ह्यूमन न्यूट्रिशन, एक्स्क्रिशन. हे चार धडे बालभारतीच्या पुस्तकातून ओळ न ओळ वाच. तक्ते, आकृत्यांखालची नावं, चौकटीतला मजकूर, सगळं. गाईडवर अवलंबून राहू नकोस.

केमिस्ट्रीला रोजचा वेळ दे, कारण ती सीईटीनंतरही तुझी पाठ सोडणार नाही. बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला इनऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फार्मास्युटिकल अॅनालिसिस असतं. टायट्रेशन, मोलॅरिटी, नॉर्मॅलिटी. आणि मुलं सगळ्यात जास्त कुठे अडतात, तर साध्या गणितात. पीसीबीवाल्यांसाठी तर पहिल्या वर्षी रेमेडियल मॅथेमॅटिक्स ठेवलेलंच आहे. एक उदाहरण देते. सलाइनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ०.९ ग्रॅम मीठ, ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम. हे कागद न घेता सुचायला हवं. या वर्षात टक्केवारी, गुणोत्तर, एककं बदलणं हे रोज थोडं थोडं करत राहा.

२०२६ पासून सीईटीच्या वर्षात दोन संधी मिळतात आणि त्यातला चांगला पर्सेंटाइल धरला जातो. पहिली संधी सराव म्हणून वापरायची, असं मात्र मनात आणू नकोस.

गोळीऔषध_इस्लामपूर

मॅडमनी अभ्यासाचं नेमकं सांगितलं. मी दुकानाचं सांगतो. आमचं मेडिकल वडिलांच्या वेळेपासूनचं आहे, मी स्वतः बी.फार्म.

बाळा, पहिली गोष्ट कायद्याची. फार्मसी कायदा १९४८चा आहे. नोंदणीकृत फार्मसिस्टखेरीज इतर कोणी चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही. तुझे काका स्वतः फार्मसिस्ट असतील आणि काउंटरवर हजर असतील तरच जा. तू माल लावायचा, शॉर्टबुक (संपत आलेल्या मालाची वही) लिहायचं, आलेला माल बिलाशी ताडून घ्यायचा, एक्स्पायरी बाजूला काढायची. गिऱ्हाइकाच्या हातात औषध तू द्यायचं नाही. भिंतीवरच्या लायसन्सवर एका फार्मसिस्टचं नाव आणि काउंटरवर दुसरंच कोणी, असं जिथे असेल तिथे पाऊल टाकू नकोस. पगार दुप्पट देतो म्हणाले तरी नाही.

आता शिकण्यासारखं काय ते सांगतो.

पट्टी कापणं. दहाच्या पट्टीतल्या चार गोळ्या द्यायच्या, तर बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली बाजू दुकानात राहील अशी कापायची. नवीन पोरगं हमखास उलट कापतं. मग उरलेल्या सहा गोळ्या कोणत्या बॅचच्या, कधीपर्यंतच्या, काही कळत नाही. त्या विकता येत नाहीत आणि कंपनी परतही घेत नाही. गिऱ्हाइकाला बिलावर बॅच मिळतेच, म्हणून बिल देण्याचा आग्रह धरायचा.

एक्स्पायरी वाचणं. पट्टीवर महिना आणि वर्ष असतं. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. पण महिनाभराचा डोस घेणाऱ्या आजोबांना त्याच महिन्याची एक्स्पायरी असलेली पट्टी द्यायची का? नाही द्यायची. हा विचार पुस्तक शिकवत नाही.

फ्रिज. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीजरच्या कप्प्याला टेकवलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरता येत नाही. दिसायला ते पुन्हा पहिल्यासारखं दिसेल, पण टाकूनच द्यायचं. आमच्याकडे फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे आणि सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद होते. लाइट गेल्यावर काय करायचं, हे काकांना पहिल्याच दिवशी विचार.

एच१ चं रजिस्टर. काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्या शेड्यूल एच१ मध्ये येतात. मार्च २०१४ पासून हे लागू आहे. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते ३ वर्षं जपायचं. त्या वहीची पानं उलटलीस की आपल्या गावात कोणती अँटिबायोटिक्स किती खपतात ते दिसतं. माझं तर मत आहे की अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा धडा मुलांनी तिथे उभं राहून वाचावा.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे औषधांची मूळ नावं. पट्टीवरचं मोठं नाव सोड, खाली बारीक अक्षरात असतं ते वाच. शेपटी, म्हणजे नावाचा शेवट बघ. रामिप्रिल, एनालाप्रिल एका घरातली. टेल्मिसार्टन, लोसार्टन दुसऱ्या. मेटोप्रोलोल, अटेनोलोल तिसऱ्या. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल अॅसिडिटीची. अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉलची. रोज दुकानातून निघताना पाच नावं वहीत लिही, ती कशासाठी देतात ते काकांना विचार. फार्माकॉलॉजीच्या वर्गात बसशील तेव्हा ही नावं ओळखीची असतील. जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथेही जाऊन बघ, तिथे मूळ नावानेच माल असतो.

तास किती? दिवसाला दोन-तीन, सकाळचे. त्याहून जास्त नको.

आईच_मी

मृण्मयी, माझी लेक यातून गेली आहे, म्हणून कागदांचं मी सांगते. अभ्यास तू करशील गं, पण कागद घरातल्या मोठ्यांनी आजपासून मनावर घ्यायला हवेत. तुझ्या आईबाबांना हा प्रतिसाद वाचून दाखव.

वैधतेचा अर्ज जात पडताळणी समितीकडे पडून आहे की त्यात त्रुटी काढली आहे, हे आधी ऑनलाइन बघा. त्रुटी असेल तर तिचं उत्तर दिल्याशिवाय फाइल हलत नाही आणि घरी वाटत राहतं की काम चालू आहे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यात चांगला. आजोबा शाळेत गेले नसतील तर जन्म-मृत्यूची जुनी नोंद, गावचं कोतवाल बुक. आमची नोंद मोडीत निघाली, ती मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावी लागली. तुझे बाबा, काका, आत्या, चुलत भावंडं यांच्यापैकी कोणाची वैधता आधी झालेली असेल तर निम्मं काम झालं म्हण. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून त्यांची प्रत जोडायची. आईकडच्या नातेवाइकांची चालत नाही, वडिलांकडचीच.

नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. कोणत्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ते बघा, पुढच्या प्रवेशाला नवीन वर्षासाठी वैध असलेलंच लागेल. उत्पन्नाचा दाखला त्याच्या आधी. तुझ्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघ, महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे पैसे त्यातच येतात.

आणि फी माफीचं नीट लक्षात ठेव. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. "मॅनेजमेंटमधून घ्या, माफी मिळवून देतो" असं सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

शेखर_न्यूजर्सी

इथे राहून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

माझ्या भाचीला इथे फार्मसी स्कूलला पहिल्या वेळी प्रवेश मिळाला नाही. तिने ते वर्ष एका दुकानात फार्मसी टेक्निशियन म्हणून काम करण्यात आणि केमिस्ट्रीचा एक विषय पुन्हा घेऊन ग्रेड सुधारण्यात घालवलं. इथली पीकॅट ही प्रवेश परीक्षा २०२४ च्या जानेवारीनंतर बंदच झाली, त्यामुळे आता कॉलेजचे ग्रेड, मुलाखत, शिफारसपत्रं आणि कामाचा अनुभव यांचं वजन वाढलं आहे. तिच्या शिफारसपत्रांतलं एक त्या दुकानातल्या फार्मसिस्टचं होतं. आपल्याकडे कॅपमध्ये अनुभवाला गुण नाहीत, सगळं पर्सेंटाइलवर. म्हणून इथलं बघून मृण्मयीने दुकानात जास्त वेळ घालवू नये. गोळीऔषध यांनी सांगितलेले दोन-तीन तास ठीक.

दुसरं, कधी परदेशात फार्मसिस्ट व्हायचा विचार असेल तर पसंतीक्रम भरण्यापूर्वी ठरव. अमेरिकेत परदेशी पदवीधरांना एफपीजीईई ही परीक्षा द्यावी लागते आणि २००३ पासून पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान ५ वर्षांचा हवा. आपली ४ वर्षांची बी.फार्म त्यात बसत नाही. ६ वर्षांची फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) बसते. ती भारतात २००८ पासून आहे, आणि महाराष्ट्रात तिचेही प्रवेश याच सीईटीवर होतात. एम.एस. करून संशोधनात, कंपनीत जायचं तर बी.फार्म उत्तम. पण काउंटरवर उभं राहायचं स्वप्न घेऊन बी.फार्म करून येणारी मुलं इथे पोचल्यावर हे ऐकतात आणि कोसळतात, ते बघवत नाही.

मृण्मयी_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आईबाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. विदर्भकर दादा, तुमचा हिशेब बाबांना खूप पटला, आणि मॅडमचा प्रतिसाद वाचून त्यांनी थांबायला होकार दिला. आईच_मी काकू, ऑनलाइन बघितलं तर खरंच त्रुटी काढलेली होती. आजोबांच्या दाखल्यावर आडनाव वेगळं लागलंय, गावाच्या नावावरून. आत्याची वैधता झालेली आहे, तिची प्रत मागवली आहे.

काका स्वतः फार्मसिस्ट आहेत आणि पूर्ण वेळ दुकानात असतात. सोमवारपासून सकाळी दोन तास जायचं ठरलं. परदेशाचा विचार सध्या नाही.

एक शंका राहिली. मी मराठी माध्यमाची. अकरावी-बारावी इंग्रजीतून झाली, पण मोठी वाक्यं वाचताना अजून अडखळते. क्लास लावू का?

फार्मास्युटिक्सवाली

इंग्रजीचा वेगळा क्लास नको. काकांच्या दुकानात औषधांच्या खोक्यांत घडी घातलेलं माहितीपत्रक असतं. रोज एक घरी ने. इंडिकेशन्स, कॉन्ट्राइंडिकेशन्स, अॅडव्हर्स इफेक्ट्स, स्टोरेज. प्रत्येक पत्रकात तीच मथळ्यांची रचना, तेच शब्द. महिनाभरात सरावशील. मग त्या औषधाबद्दल चार वाक्यं मराठीत मोठ्याने आईला समजावून सांग. पेशंटशी तू मराठीतच बोलणार आहेस, आणि आमची हुशार मुलंसुद्धा तिथे गप्प होतात.

मात्र जानेवारीपासून दुकान बंद कर. तेव्हापासून फक्त वेळ लावून पेपर सोडवणं.

गोळीऔषध_इस्लामपूर

मॅडम, पूर्ण बंद नको असं मला वाटतं. दिवसभर खोलीत बसून पोरं कोमेजतात. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी तासभर. माल लावायला.

फार्मास्युटिक्सवाली

रविवारचा तास मान्य. परीक्षेच्या आधीचा महिना सोडून.

विदर्भकर

मृण्मयी, ठरलं ते चांगलं झालं. एक विनंती, डी.फार्मचा रस्ता डोक्यातून काढू नकोस. पुढच्या वर्षी कॅपसोबत डी.फार्मचाही अर्ज भरून ठेव. दोन्हीच्या प्रक्रिया वेगळ्या आहेत, एकामुळे दुसरं अडत नाही. आणि कोणतंही कॉलेज पसंतीत टाकण्याआधी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यता तपास. गेल्या काही वर्षांत नवीन कॉलेजं खूप निघाली आहेत. सरकारी कॉलेजं कऱ्हाड, रत्नागिरी, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. कऱ्हाड तर तुला वाईहून जवळ, फी कमी. पर्सेंटाइल मात्र चांगलाच वर लागतो, लक्ष्य तेच ठेव.

समुद्रकाठ

धाग्यावर उशिरा आले. माझा भाऊ पीसीएमवाला (बायोलॉजीऐवजी मॅथ्स) आहे, इंजिनिअरिंग मनाजोगं मिळालं नाही म्हणून तोही थांबलाय. बायोलॉजी नसताना बी.फार्म चालतं का?

फार्मास्युटिक्सवाली

चालतं. फिजिक्स, केमिस्ट्री हवंच, तिसरा विषय मॅथ्स किंवा बायोलॉजी. पीसीएमवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल बायोलॉजी असतं, तिथे थोडी मेहनत घ्यावी लागते. शरीररचनाशास्त्र मात्र सगळ्यांबरोबर पहिल्या दिवसापासून सुरू होतं. वर्ष हाताशी आहे तर त्याला अकरावी-बारावीच्या बायोलॉजीतले मानवी शरीराचे धडे वाचायला सांगा: पचन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, चेतासंस्था. पण त्याला आधी हे विचारा की इंजिनिअरिंग मिळालं नाही म्हणून फार्मसी, की फार्मसी आवडते म्हणून. त्यालाही एखाद्या ओळखीच्या फार्मसिस्टकडे महिनाभर सकाळी बसू दे, आणि मग फॉर्म भरू दे.